लाल दिवा काय सांगतो?

रस्त्यात एखादी जुनी मोटार बंद पडली आहे आणि चार माणसे तिला धक्का मारत आहेत, असे दृश्य तुम्ही पाहिले असेल. "बॅटरी उतरली!" असे कोणीतरी म्हणतो. मालक उसने पैसे घेऊन नवी बॅटरी आणतो. चार दिवसांनी तीही उतरते. असे का होते?

अँबॅसडर ही आपल्या देशातील एक प्रसिद्ध मोटार. १९५७ पासून २०१४ पर्यंत ती पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत असे. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांत वीज निर्माण करण्यासाठी डायनामो असे. इंजिन सुरू झाले की पट्ट्याच्या साहाय्याने डायनामो फिरतो. त्यात तयार झालेली वीज तारेतून रेग्युलेटरकडे आणि तेथून बॅटरीकडे जाते. रेग्युलेटर विजेचा दाब मर्यादेत ठेवतो. त्याच्याच पेटीत 'कटआउट' असतो. इंजिन थांबले की तो डायनामोची वाट तोडतो. नाहीतर बॅटरीतील वीज उलट डायनामोकडे वाहून जाईल.

म्हणजे बॅटरी ही विजेची विहीर नव्हे, टाकी आहे. टाकीत पाणीच येत नसेल, तर टाकी बदलून काय उपयोग? आधी नळ तपासायला हवा.

दोषाची पहिली खबर लाल दिवा देतो. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिनाचा वेग वाढला की विझतो. मंद वेगात तो लुकलुकला तर घाबरू नये. वेग वाढवूनही तो विझला नाही, तर बॅटरीत वीज जात नाही असे समजावे.

अशा वेळी गॅरेजमधले जाणकार उस्ताद घाई करत नाहीत. प्रथम ते पट्टा सैल आहे का ते पाहतात. मग बॅटरीची टोके आणि गाडीच्या अंगाला जोडलेली अर्थची तार तपासतात. तेथे गंज किंवा पांढरी-हिरवी पूड साचली असेल, तर वीज अडते. नंतर ते व्होल्टमीटर लावतात. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन वेगाने चालू असताना हा आकडा १४ च्या आसपास जायला हवा.

तो वाढला नाही, तर इंजिन बंद करून डायनामोवरील 'डी' आणि 'एफ' या दोन तारा काढतात. ती दोन टोके छोट्या तारेने एकमेकांस जोडतात. मग इंजिन मंद चालवून ती टोके आणि गाडीचे अंग यांमधील दाब मोजतात. आकडा भराभर चढला, तर डायनामो ठीक आहे. दोष पुढच्या तारेत किंवा रेग्युलेटरमध्ये आहे. आकडा चढला नाही, तर बहुधा डायनामोतील ब्रश झिजलेले असतात. या तपासणीत दाब २० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नये. अल्टरनेटर असलेल्या गाडीवर हा प्रयोग मुळीच करू नये.

पुष्कळदा शेवटी सापडतो तो एक सैल स्क्रू! तो आवळायला पैसा लागत नाही. लागतो तो धीर आणि क्रमाने विचार करण्याची सवय.