एकच दोलन, तीन शाखा: पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र

‘आम्ही कॉम्प्युटरचे, आम्हाला भौतिकशास्त्र कशाला?’ हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या वर्गात दरवर्षी येतो, आणि तो रास्त आहे. एआयसीटीईच्या 2018 च्या नमुना अभ्यासक्रमातही सर्वांना एकच पेपर न देता यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, तरंग व प्रकाशिकी, अर्धवाहक असे पर्याय आहेत. पण शाखेनुसार बदल म्हणजे धडे गाळणे, असा समज पसरला आहे. अर्धवाहकांसारखे काही विषय खरोखर वेगळे शिकवावे लागतात. बाकी ठिकाणी धडा तोच ठेवून प्रश्न बदलावा, असे माझे मत. अवमंदित दोलन घेऊन पाहू.

स्थापत्य शाखेसाठी एकमजली इमारत घ्या. छताचे वस्तुमान 20,000 किलोग्रॅम, खांबांची एकूण ताठरता 80 लाख न्यूटन प्रति मीटर. भागाकार 400, त्याचे वर्गमूळ 20. म्हणजे कोनीय वारंवारता 20 रेडियन प्रति सेकंद, सेकंदाला सुमारे 3.2 हेलकावे. काँक्रीटच्या इमारतीत अवमंदन क्रांतिक मूल्याच्या 5 टक्के धरण्याची रीत आहे. त्यावरून गुणवत्ता घटक 10 येतो.

इलेक्ट्रॉनिक्ससाठी 1 मिलिहेन्रीचा इंडक्टर, 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 10 ओहमचा रोध एकसरीत जोडा. वस्तुमानाच्या जागी प्रेरकत्व, ताठरतेच्या जागी धारकतेचा व्यस्तांक, समीकरण तेच. वारंवारता सुमारे 16 किलोहर्ट्झ, आणि गुणवत्ता घटक पुन्हा 10! फरक आहे तो हेतूत. रेडिओ स्टेशन नेमके पकडायचे तर हा घटक मोठा हवा. भूकंपात इमारत टिकवायची तर लहान.

आता कॉम्प्युटरवाले. त्यांनी तीच इमारत ऑयलरच्या साध्या पद्धतीने, 0.01 सेकंदाचे टप्पे घेऊन सोडवावी. हेलकावे विरण्याऐवजी सेकंदाला सुमारे 2.7 पट वाढतात. माझी एक तुकडी प्रोग्राममधली चूक शोधत बसली होती. चूक तिथे नव्हतीच. टप्पा ‘दोन गुणिले अवमंदन गुणोत्तर भागिले कोनीय वारंवारता’ याहून लहान हवा, म्हणजे इथे 0.005 सेकंदांहून कमी. हे दोलन समजल्याशिवाय कळत नाही.

अडचण परीक्षेची आहे. प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असली की शाखेची उदाहरणे पहिल्यांदा गळतात आणि उरते ती पाठ केलेली सिद्धता. तुमच्याकडे तसे असेल, तर नोट्समधल्या प्रत्येक समीकरणाखाली आपल्या शाखेतल्या राशी स्वतः लिहून काढा.

सरावासाठी: वरील परिपथात क्रांतिक अवमंदनासाठी एकूण रोध किती हवा? (उत्तर: 200 ओहम)