काचेचा टवका : भरायचा की काच बदलायची?



गाळप हंगामात पुढच्या गाडीच्या चाकाखालून खडा उडतो आणि जीपच्या समोरच्या काचेला टवका पडतो. ‘चालतंय की’ म्हणत महिनोन्‌महिने तसेच हिंडणारे सभासद आम्ही पाहतो. खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे आपण वेळेत ठरवतो. तसेच हेही ठरवावे.

समोरची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. टवका बाहेरच्याच थरात, रुपयाच्या नाण्याहून लहान आणि कडेपासून दूर असेल, तर राळेसारखे द्रव्य भरून काम भागते. बारीक डाग राहतो, पण काच वाचते.

तडा कडेला भिडला, आतल्या थरात उतरला किंवा ड्रायव्हरच्या ऐन नजरेसमोर असला, तर मात्र काच बदलावीच. रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड त्या तड्यावर फाकतो, आणि पुढे उभी असलेली बिनदिव्याची उसाची ट्रॉली दिसत नाही.

दुरुस्तीपर्यंत टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. धूळ-पाणी शिरले की भरणे नीट बसत नाही. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. विम्यात काच धरली आहे का, तेही आधी बघून घ्या.

– ऊस विकास अधिकारी