कोऱ्या पत्रातला खर्ज

“दोन तारा तुटल्या काय?”

पुणतांब्यात बास गिटार खांद्यावर टाकून निघालं की हा प्रश्न हमखास येतो. गिटारीला सहा तारा असतात हे सिनेमांमुळे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या वाद्याला चारच, आणि त्याही सुतळीसारख्या जाड. सुरुवातीला मी उभं राहून सगळं समजावून सांगायचो. आता “हो ना, इकडं मिळतच नाहीत” म्हणतो आणि पुढं सरकतो.

दिवसा माझं खतं-औषधांचं दुकान असतं. ते बंद झालं की रात्रीचा तास-दीड तास वाद्याचा. लग्नसराईत एका हौशी ऑर्केस्ट्रात वाजवतो, गणपतीत बोलावतील त्या मंडळात, आणि एकादशीला भजनात मागच्या भिंतीला टेकून. मिळालेले पैसे पेट्रोलात जातात. वाद्याचं नाव घरात फार सोयीचं ठरलंय. “बास वाजवतोय” म्हटलं की लगेच आवाज येतो, “मग बास कर की!”

या चार तारांनी मला जे काही दाखवलं, त्याचं नवल मात्र अजून ओसरलेलं नाही.

आवाज म्हणजे हवेची थरथर. सेकंदाला किती वेळा थरथर, ते हर्ट्झमध्ये मोजतात. माझी सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला 41 वेळा हलते. साध्या गिटारीची सगळ्यात खालची तार 82 वेळा, म्हणजे मी बरोबर एक सप्तक खाली. माणसाचा कान साधारण 20 हर्ट्झपासून ऐकायला लागतो. त्यामुळे मी ऐकण्याच्या तळघरात राहतो म्हणा ना. आमच्या परंपरेत या तळघराला खर्ज म्हणतात. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची, आणि पहाटे उठून गायक घासतात तोही खर्जच.

तळघरात उतरायचं कसं, हे मला बास गिटारीनं नाही, भजनातल्या आप्पांच्या कणकेनं शिकवलं. आप्पा पखवाज वाजवतात. भजनाला बसण्याआधी ते डब्यातून मूठभर गव्हाची कणीक काढतात. पोळीच्या कणकेपेक्षा किंचित सैल, बिनमिठाची. पखवाजाचं डावं तोंड, म्हणजे धूम, ओल्या बोटांनी पुसतात. गोळा मधोमध चिकटवतात आणि अंगठ्यानं कडेकडेला दाबत त्याची चकती करतात. मग थाप. आवाज चढा वाटला तर आणखी चिमूटभर कणीक, फारच बसला तर नखानं थोडी खरवडून काढायची. पुन्हा थाप. तिसऱ्या-चौथ्या थापेला तो ‘घुम्म्’ येतो आणि मांडीखालच्या सतरंजीपर्यंत पोचतो.

ही झाली वजनाची करामत. कातडं जितकं जड, तितकं ते सावकाश हलणार, आणि सावकाश हललं की सूर खाली. माझ्या तारेतही हेच आहे. तार एक सप्तक खाली न्यायची तर तिची लांबी दुप्पट करा, नाहीतर ताण तोच ठेवून वजन चौपट करा. लांबीला मर्यादा आहे, हात तेवढा पुरायला हवा. म्हणून पोलादी तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळून तिला जड करतात. अमेरिकेत लिओ फेंडरनं 1951मध्ये आपली बास गिटार बाजारात आणली तेव्हा तारेची लांबी 34 इंच ठेवली. आज माझ्या भिंतीवर टांगलेल्या वाद्यातही तीच आहे. बाकीचं काम गुंडाळलेल्या तारेच्या वजनावर सोडलेलं.

कणकेसारखीच, पण कायमची बसवलेली, तबल्या-मृदंगावरची शाई. तिच्यात तर नोबेल मिळवणारा माणूस गुंतला होता. नुसतं कातडं ताणून वाजवलं तर त्यातून निघणारे वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून ढोल नुसता दणदणतो, त्याला ‘सा’ लावता येत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920मध्ये शिवकाली कुमार यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की शाईच्या वजनामुळे हे विखुरलेले स्वर ओळीत येतात, तारेच्या स्वरांसारखे 1, 2, 3, 4, 5च्या पटीत. कातड्याला तारेचं वळण लावलं ते कुणी, केव्हा, कुठल्या गावात, याची नोंद नाही. रामन यांना 1930चं नोबेल मिळालं ते प्रकाशावरच्या कामासाठी. माझ्या मनात मात्र रामन म्हणजे शाईवाले.

आता माझ्या खोलीची गोष्ट. सरावाची खोली साधारण चौदा फूट लांब. एका रात्री ॲम्प्लिफायर भिंतीशी ठेवून मोकळी जाड तार वाजवत, लांब वायर ओढत चालू लागलो. खोलीच्या मधोमध आलो आणि सूर गेला. हात चालू, तार हलतेय, आवाज मात्र कुणी चादर टाकल्यासारखा. वायर हलवून पाहिली, बटणं पिळली. मग समोरच्या भिंतीला पाठ टेकली तर तोच सूर छातीत धडकला.

बिघाड वाद्यात नव्हता, गणितात होता. म्हणजे गणित बरोबर होतं, तेच नडलं. 41 हर्ट्झची एक लाट हवेत जवळजवळ 28 फूट लांब असते. तिची अर्धी लांबी चौदा फूट, नेमकी माझी खोली. अशी लाट दोन भिंतींमध्ये अडकली की भिंतींशी हवेचा दाब जोरात खालीवर होतो आणि मधोमध जवळजवळ हलतच नाही. शांत जागा खोलीत मधोमध, रिकामीच. आईची खुर्ची होती भिंतीला लागून. “बास कर” तिथूनच का यायचं ते तेव्हा कळलं. एवढ्या शोधाचा उपयोग केला तो इतकाच, की खुर्ची सात फूट पुढं ओढून दिली.

खरा चक्रावलो तो मोबाईलमुळे. एकादशीच्या भजनाचं रेकॉर्डिंग मी पुण्याला मामेभावाला पाठवलं. त्यानं ते मोबाईलवरच, हेडफोन न लावता ऐकलं आणि कळवलं, “शेवटच्या अभंगात तुझा खालचा सूर भारी लागलाय.” मला आनंद व्हायला हवा होता. झाला संशय. नखाएवढा तो स्पीकर. 41 हर्ट्झला हवा ढकलायची त्याची ताकदच नाही, 82लाही नाही. जो सूर त्या फोनमधून निघालाच नाही, तो या पठ्ठ्यानं ऐकला कसा?

तार हलते ती एकाच चालीनं नाही. पूर्ण लांबीनं 41 वेळा हलत असतानाच ती अर्ध्या भागांत 82 वेळा, तिसऱ्या भागांत 123 वेळा अशीही हलत असते. त्या एका सुरात ही सगळी वरची मंडळी मिसळलेली असतात. मोबाईल खालची तीन-चार-पाच कापून टाकतो. उरतात 246, 287, 328, 369. कान आणि मेंदू या उरलेल्यांमधलं अंतर पाहतात: 41, 41, 41. आणि निकाल देतात, मूळ सूर 41चा. चिखलातल्या पावलांच्या अंतरावरून माणूस केवढा उंच असेल ते सांगावं, तसं. माणूस केव्हाच निघून गेलाय.

हे आपण सगळे वर्षानुवर्षं करत आलोय. जुन्या तारेच्या फोनमधून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जायचा. पुरुषाच्या आवाजाचा पाया त्याच्या बराच खाली, शंभर-सव्वाशेच्या आसपास. म्हणजे एसटीडी बूथवरून वडिलांचा जो घोगरा, जड आवाज ऐकून पाठ ताठ व्हायची, त्याचं जडपण तारेतून आलेलंच नसायचं. ते आपणच भरायचो. जर्मनीत ऑगस्ट झेबेकला 1841च्या सुमाराला भोंग्याच्या प्रयोगात हे जाणवलं होतं. त्याच्याशी वाद घातला तो गेऑर्ग ओमनं. शाळेत विजेच्या धड्यात भेटतो तोच ओम. त्याचं म्हणणं, हा कानाचा भ्रम आहे. भ्रम म्हणा हवं तर. पण असा भ्रम, जो सगळ्यांना एकच उत्तर देतो.

हे वाचलं तेव्हा मी घाटावर बसलो होतो आणि मागे चांगदेवांची समाधी होती. त्यामुळे पुढचं आठवायला कष्ट पडले नाहीत. चौदाशे वर्षं जगलेल्या, वाघावर बसून फिरणाऱ्या चांगदेवांना वयानं लहानग्या ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. चिरंजीव लिहावं तर ज्ञानानं मोठे, तीर्थरूप लिहावं तर वयानं लहान. मायन्यातच अडले आणि कोराच कागद धाडला. मुक्ताबाईंनी चेष्टा केली, इतकी वर्षं जगूनही कोराच राहिला म्हणून. ज्ञानेश्वरांनी मात्र तो कोरा कागद वाचला आणि पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं. आमच्या गावाला हे कुणी शिकवावं लागत नाही. लिहिलं नव्हतं ते वाचलं गेलं. मामेभावाच्या कानानं वेगळं काय केलं?

कानाचं इतकं कौतुक केलं, आता त्याची कमजोरी. खालच्या सुरांना तो पक्का बहिरा आहे. अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असा 1000 हर्ट्झचा सूर घ्या. 40 हर्ट्झचा सूर तसाच जेमतेम ऐकू यायला त्याच्या सुमारे लाखपट शक्ती लागते. माझ्यासारख्यांचे स्पीकर टेंपोभर का असतात आणि बासरीवाला पिशवीत सगळं घालून एसटीनं का येतो, त्याचं उत्तर इथं आहे.

आणि हाच बहिरा कान ज्याला नाही म्हणतो, त्याला अंग हो म्हणतं. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या सभागृहात एका खऱ्या मैफलीत संशोधकांनी 8 ते 37 हर्ट्झचे खास स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. प्रेक्षकांच्या डोक्याला पट्टे लावून हालचाल मोजली. ते स्पीकर चालू असताना लोक सरासरी 11.8 टक्के जास्त हलत होते. आणि तो आवाज चालू आहे की बंद, हे नंतरच्या चाचणीत लोकांना ओळखता आलं नाही. हा निष्कर्ष 2022 साली छापून आला. न ऐकलेल्या आवाजावर माणसं नाचली!

मिरवणुकीतल्या डीजेवाल्यांना हे प्रयोगाशिवाय माहीत आहे. इथं माझं मत सांगून टाकतो, कुणाला आवडो न आवडो. ते ज्याला ‘बेस’ म्हणतात त्यात सूर नसतो, फक्त धक्का असतो. आणि कायद्याचा कानही तिथं आपल्यासारखाच बहिरा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. पण मोजायची पट्टी माणसाच्या कानाप्रमाणे वाकवलेली. 40 हर्ट्झला ती सुमारे 35 डेसिबल वजा करून दाखवते. म्हणजे 90 डेसिबलचा तो खालचा दणका एकटा असेल तर मापकावर 55 दिसेल. खिडक्यांची तावदानं खडखडतायत, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतंय, आणि यंत्र सांगतंय सगळं ठीक. त्यात खालचे सूर भिंती सहज ओलांडतात. मिरवणूक लांब गेली की गाणं कुठलं ते कळत नाही, नुसतं धुम-धुम उरतं, ते याचमुळे.

माझी मेहनत नेमकी उलटी असते. भजनात आमच्या बुवांची पट्टी काळी एक. त्यांच्या षड्जाला आणि पंचमाला माझी एकही मोकळी तार कामाला येत नाही, सगळं दाबूनच वाजवायचं. त्यात पखवाजाची धूम आणि मी एकाच तळघरातले भाडेकरू. दोघं एकदम बोललो तर नुसता गाळ होतो. म्हणून आप्पांची घुमारेदार थाप पडली की मी डाव्या हाताची बोटं तारेवर सैल ठेवून आवाज मारतो, आणि ती विरत आली की हळूच खर्ज धरतो. तारेला गप्प करायला शिकण्यात माझी तीन वर्षं गेली. कुणी दाद देत नाही, ते बरोबरच आहे. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांवर दोन पिढ्या नाचल्या, पण त्यातली बास गिटार वाजवणारे टोनी वाझ हे नाव किती जणांना सांगता येईल?

पुणतांबा जंक्शन. दौंड-मनमाड मार्गावरून शिर्डीचा फाटा इथून फुटतो. रात्री भरलेली मालगाडी जाते तेव्हा आवाज यायच्या आधी भिंतीवर टांगलेल्या वाद्याची एखादी तार आपणहून गुणगुणू लागते. तेवढ्यावरून मला गाडी भरलेली की रिकामी ते कळतं, असा माझा दावा आहे. घरात तो कुणी मानत नाही.

गेल्या एकादशीला भजन संपल्यावर आप्पा धुमेवरची कणीक खरवडत होते. त्यांनी पूर्वी एकदा विचारलं होतं, “तुझ्या ह्या गिटारीला कणीक कुठं लावत्यात?” तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. या वेळी जाड तार त्यांच्या बोटांत दिली. अंगठा आणि तर्जनीत धरून त्यांनी ती खालपासून वरपर्यंत चोळली. गुंडाळीचे बारीक पीळ त्यांच्या नखाखाली करकरले.

“हीच का कणीक?”

“हीच, आप्पा. गुंडाळून बसवलेली.”

“मंग काढघाल करता येत नाही?”

“नाही.”

“अवघड आहे बाबा तुझं,” ते म्हणाले. मग खरवडलेल्या कणकेचा गोळा करून, गुडघ्यावर हात टेकत उठले आणि घाटाच्या पायऱ्या उतरून माशांना टाकायला गेले.