धरण टेबलावर हलवले, तेव्हा...
भूकंपसहनशीलता प्रयोगशाळेत कशी तपासतात?

सिल्वासा : शेजारच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८पासून भूकंपांची मालिका सुरू झाली. भारतीय मानकाच्या २०१६च्या नकाशात दादरा आणि नगर हवेलीही तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात आहे. बांधकाम हादरा सोसेल की नाही, हे भूकंपाआधी कसे कळावे?

त्याच्या मुख्य पद्धती तीन. पहिलीत खांब किंवा भिंत हायड्रॉलिक जॅकने सावकाश मागे-पुढे ढकलतात. प्रत्येक टप्प्यावर उमटलेल्या भेगांची नोंद होते. दुसरीत कंपनमंचावर प्रतिकृती उभारून प्रत्यक्ष भूकंपाची नोंद तशीच ‘वाजवली’ जाते. तिसरीत संगणक क्षणाक्षणाचे विस्थापन काढतो आणि जॅक तेवढेच देतो. जपानमधील मिकी येथील २० बाय १५ मीटरचा मंच तर १२०० टनांपर्यंतची वास्तू हलवतो.

या शास्त्राला महाराष्ट्रातील कोयनेने मोठे धडे दिले. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपात १०३ मीटर उंच कोयना धरणाला वरच्या भागात, मागील उतार जिथे बदलतो त्या ठिकाणी, भेगा पडल्या. धरणातील यंत्राने टिपलेली कंपने पुढे जगभरच्या अभ्यासकांनी वापरली. १९८०मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे या धरणाच्या एका खंडाची १५० पट लहान प्रतिकृती मंचावर हलवण्यात आली.

येथे खरी अडचण प्रमाणाची असते. उंची १५० पटींनी घटली, तरी गुरुत्वाकर्षण घटत नाही. साधे काँक्रीट वापरल्यास सत्तर सेंटिमीटरची प्रतिकृती वाजवीपेक्षा कितीतरी मजबूत ठरेल. म्हणून जड, पण मुद्दाम कमकुवत केलेले मिश्रण वापरावे लागते. कंपनेही सुमारे १२ पट जलद द्यावी लागतात. बर्कलेच्या प्रतिकृतीलाही उतार बदलतो त्याच मानेजवळ तडा गेला. पुढे कोयनेचे धरण मागील बाजूने आधार देऊन बळकट करण्यात आले.

अर्थात, प्रयोगशाळा आराखड्याची परीक्षा घेते, गवंडीकामाची नाही. खांबातील रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवलेली आहेत का, वाहनतळासाठी मोकळा सोडलेला तळमजला पुरेसा भक्कम आहे का, हे स्लॅब भरण्यापूर्वीच पाहावे लागते. सिल्वासात घर घेणाऱ्याने किंवा बांधणाऱ्याने हे दोन प्रश्न अभियंत्याला अवश्य विचारावेत.