बंदराची वाट बदलापुरातून
लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण धक्क्यावरच्या क्रेनपाशी होतो. आज बंदराकडे पाठ करून डोंगराच्या अलीकडे, बदलापूर गावाकडे येऊ. बंदर स्वस्त की महाग, याचा बराचसा निकाल इथेच लागतो.

बदलापूर-अंबरनाथच्या एमआयडीसीतून रसायने, औषधांचा कच्चा माल, यंत्रांचे भाग न्हावा-शेव्याच्या बंदराला जातात. नकाशावर बंदर जवळ दिसते. पण मध्ये माथेरान-हाजीमलंगची रांग आडवी आहे. त्यामुळे ट्रेलर काटई नाका, शिळफाटा, कळंबोली असा वळसा घेतो. अंतर पन्नास-साठ किलोमीटरच. पण एखाद्या दिवशी हा रस्ता दोन तासांत सुटतो, तर एखाद्या दिवशी अर्धा दिवस खातो. जहाजाची कटऑफ वेळ मात्र ठरलेली असते. ती चुकली की कंटेनर पुढच्या जहाजावर. म्हणून कारखानदार माल एक दिवस आधीच काढतो. ट्रेलरचे हॉल्टिंग, ड्रायव्हरची रस्त्याकडेला काढलेली रात्र आणि अडकलेले भांडवल यांचा भार शेवटी भावावर पडतो. मला वाटते, गाडी किती वेगाने जाते यापेक्षा ती नक्की केव्हा पोचेल, हे कळणे जास्त मोलाचे आहे. जागतिक बँकेच्या लॉजिस्टिक्स निर्देशांकातही वेळेवर पोचणे हा सहा कसोट्यांपैकी एक आहे. त्या यादीत भारत 2018 मध्ये 44वा होता, 2023 मध्ये 38वा आला.

व्यापार अडला की तो दुसरे बंदर शोधतो, हे या खोऱ्याला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. बदलापूरवरून वाहणारी उल्हास पुढे कल्याणच्या खाडीला मिळते, आणि कल्याण हे सातवाहनांच्या काळातले नामांकित बंदर. घाटावरचा माल नाणेघाट उतरून तिथे येई. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात नोंद आहे, की सत्ता बदलल्यावर कल्याणच्या व्यापाराची अडवणूक झाली आणि तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. खाडी तीच होती, घाटही तोच होता. व्यवहार मात्र गुजरातच्या किनाऱ्याकडे वळला.

न्हावा-शेव्याचे बंदर 1989 मध्ये सुरू झाले. त्याच्या फाटकाच्या आत अलीकडे खरोखर सुधारणा झाल्या. आयातीचा कंटेनर बाहेरच्या सीएफएसच्या (कंटेनर फ्रेट स्टेशन) यार्डात न पाठवता थेट बंदरातून उचलण्याची डीपीडी सोय 2016 पासून आहे. 2017 पासून निर्यातदार कारखान्यातच स्वतः ई-सील लावू शकतो. 2024-25 मध्ये या बंदराने, वीस फुटी मापात मोजले तर, 70 लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. वाढवणचे नवे बंदर उभे राहील तेव्हा राहील. आज खोळंबा आहे तो फाटकाबाहेर. दादरीहून येणाऱ्या पश्चिम मालवाहतूक रेल्वेमार्गाचेही तेच झाले. सुमारे 1,500 किलोमीटरच्या त्या मार्गात वैतरणा ते न्हावा-शेवा हा जेमतेम शंभर किलोमीटरचा टप्पा सर्वांत मागे राहिला. बंदराजवळची जमीन मिळवणे सर्वांत अवघड असते, आणि माल तर नेमका तिथेच दाटतो.

आता वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गासाठी बदलापूरकडून पनवेलजवळच्या मोरब्याकडे माथेरानच्या डोंगराखालून चार किलोमीटरहून लांब बोगदा काढला आहे. आडवा डोंगर त्यामुळे बाजूला होईल. पण एमआयडीसीतला ट्रेलर त्या मार्गावर चढणार कुठून? गावातल्या अरुंद रस्त्यांतून, शाळा सुटायच्या वेळी? तसे झाले तर बोगद्याचा फायदा लांबून येणाऱ्या गाड्यांना होईल, आणि बदलापूरच्या वाट्याला धूळ व अपघात तेवढे येतील.

एमआयडीसीपासून द्रुतगती मार्गापर्यंत अवजड वाहनांचा वेगळा रस्ता हवा. ट्रेलर उभे करायला तळ हवा. ड्रायव्हरसाठी शौचालय आणि झोपायची जागा हवी. बोगद्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. बदलापूर-अंबरनाथच्या कारखानदारांनी आणि नागरिकांनी ही मागणी एकत्र येऊन, बोगदा सुरू व्हायच्या आधी, नगरपरिषद आणि एमआयडीसीकडे लेखी नोंदवावी.