वरातीआधीचं गवत

तुळशीचं लग्न आठवड्यावर आलंय. रोह्याबाहेर, कुंडलिकेकडे उतरणाऱ्या वाटेवर पत्र्याची पागा आहे. पांढरी घोडी ठाणावर उभी आहे आणि जनावरांचे डॉक्टर घड्याळ हातात धरून तिच्या कुशीकडे बघतायत. कूस आत जाते. श्वास संपला असं वाटतं तोच पोट पुन्हा एकदा आवळतं. बरगड्यांच्या मागे तिरकी, खोल रेघ उमटलीय.

"मिनिटाला २८," डॉक्टर म्हणतात. नुसत्या उभ्या घोड्याला ८ ते १६ पुरतात.

आषाढात वराती थांबतात, घोडी तेव्हापासून बसून आहे. चंदी मात्र लग्नसराईतलीच चालू राहिली: सकाळ-संध्याकाळ भिजवलेला हरभरा, वर कोंडा, आणि आजींच्या हातचा गूळ. मानेच्या वरच्या कडेला चरबीची वळी धरलीय. बरगडी हाताला लागत नाही, बोटं रुतवावी लागतात. आणि पावसाळाभर रोज पहाटे खोकला.

डॉक्टर टेप काढतात. छातीचा घेर १६५ सेंटीमीटर, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी १५०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. वजन येतं ३४४ किलोच्या आसपास.

"दोन दिवस उपाशीच ठेवतो तिला," मालक म्हणतो.

"अजिबात नाही, दादा." डॉक्टरांचा आवाज चढतो. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र झिरपत असतं. पोट रिकामं राहिलं की ते जठरालाच जाळतं. शिवाय लठ्ठ घोडी अचानक उपाशी पडली तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बसतं. चारा तोडायचा नाही, बदलायचा. सुका चारा वजनाच्या दीड टक्क्याखाली उतरू द्यायचा नाही. गवतातला ओलावा धरून या घोडीला दिवसाला पावणेसहा-सहा किलो. तेही पाच-सहा वेळा विभागून, शेवटचा घास रात्री उशिरा.

मग सगळे वर बघतात. घोडीच्या डोक्यावरच माळा आहे आणि माळ्यावर पेंढा. मालकाचा मुलगा एक पेंढी खाली टाकतो. डॉक्टर बंद सोडतात. बाहेरून पिवळी, आत करडी-काळी. परतीच्या पावसात भिजलेली असणार. पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हात धूर उठावा तसा भुगा उठतो. घोडी मान फिरवते, खोकते. मुलगाही खोकतो, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. ही बुरशी माणसाच्या फुप्फुसालाही सोडत नाही, शेतकऱ्यांना तिच्यामुळे जडणारा वेगळा आजार आहे. तो पोर रोज या माळ्यावर चढतो.

घोडा तोंडाने श्वास घेत नाही, फक्त नाकाने. म्हणजे जे खातो त्यावरच त्याचं नाक टेकलेलं असतं. खुंटीवरचा तोबरा बघून डॉक्टर मान हलवतात. सुका कोंडा भरलेली पिशवी तोंडाला बांधायची, तीही दम लागलेल्या घोडीला! तोबरा खाली उतरतो. चंदी बंद; उरतं ते मूठभर खनिज मिश्रण, ओल्या कोंड्यात कालवून.

पलीकडे वरकसातलं सुकं गवत रचलेलं आहे. डॉक्टर ते हुंगतात, चुरतात, दोन काड्या चावून बघतात. उशिरा कापलेलं, जाडं, बी झडलेलं. दुभत्या म्हशीला हे कमी पडेल. या घोडीला नेमकं हेच हवं, पोट भरेल आणि अंगावर चढणार नाही. मुलगा कुसळं वेचून काढतोय, ती हिरड्यांत घुसतात.

गवत आधी काट्यावर सुकंच तोलायचं, मग भिजवायचं. भिजल्यावर वाढलेलं वजन निव्वळ पाण्याचं, ते धरून हिशेब केला तर घोडी अर्धपोटी राहील. मालक ६ किलोतला पहिला वाटा पिंपात दाबतो. अर्धा तास पुरे. धूळ आणि बुरशीची बीजं काडीला चिकटून राहतात, नाकात उडत नाहीत. जास्त वेळ ठेवलं तर साखरही उतरते, पण कोकणातल्या या उकाड्यात ते आंबूस होतं. म्हणून थोडा वेळ, प्रत्येक घासाला नवं पाणी. पिंपातलं पाणी चहासारखं झालंय. आजी ते घोडीपुढे सरकवायला जातात.

"आजी, ते ओता. तिला स्वच्छ पाणी द्या."

"आणि गूळ?"

"गूळ नाही."

आजी पदराची गाठ सोडत नाहीत. मला त्यांचं मन कळतं. लाडाचं जनावर पुढ्यात मान घालतं तेव्हा हात रिकामा ठेवणं फार अवघड.

घोडी आता बाहेर आंब्याखाली बांधलीय. भिजलेलं गवत जमिनीवर ठेवलंय, म्हणजे मान खाली राहते आणि नाकातला चिकटा वाहून जातो. घाईने संपू नये म्हणून त्यावर बारीक भोकांचं जाळं टाकलंय. ती ओठांनी एकेक काडी ओढते. आत मुलगा तोंडाला फडकं बांधून माळा रिकामा करतोय. डॉक्टर इंजेक्शन भरतात, पण बजावतात: धूळ राहिली तर औषध चार दिवसांचं.

मालक पेणच्या गवतवाल्याला फोन लावतो. "गासडी आतून फोडून बघणार हां. काळी निघाली तर परत." मग दुसरा नंबर काढतो. पहिली वरात पेणचीच आहे, बँडबाजा आणि फटाक्यांच्या धुरातली. पलीकडून कोणीतरी वाढवून पैसे सांगतंय, आवाज आम्हालाही ऐकू येतो.

"नाही हो काका," तो म्हणतो, "दुसरी घोडी बघून देतो. ही यंदा पौषापर्यंत नाही."