टाके वाळल्यानंतरची वर्षे

हिर्शस्प्रुंग आजार आणि गुदमार्गाचे जन्मजात दोष, म्हणजे शौचाची जागाच नसणे किंवा ती भलत्या ठिकाणी उघडणे, या दोहोंचे प्रमाण प्रत्येकी सुमारे ५,००० जन्मांमागे एक असे मानले जाते. भांडुपमधील पालक अशा बालकाला घेऊन शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, किंवा त्याच धीम्या लोकलने पुढे परळला केईएममध्ये अथवा १९२९ साली स्थापन झालेल्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात पोहोचतात. तेथे मूल वाचते, टाके वाळतात आणि आजार संपला अशी घरच्यांची समजूत होते. वस्तुतः आतड्याला वळण लावण्याचा दीर्घ काळ तेथून सुरू होतो, आणि त्या काळाची तजवीज आपल्या आरोग्यव्यवस्थेत फार तोकडी आहे.

आतड्यातील मळ पुढे सरकतो तो स्नायूंच्या लयबद्ध आकुंचनामुळे, आणि या आकुंचनाचे नियमन आतड्याच्या भिंतीतच असलेले चेतापेशींचे जाळे करते. गर्भावस्थेच्या साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यात या पेशी वरून गुदाशयाकडे सरकत येतात. हा प्रवास मध्येच थांबला तर खालचा भाग चेतापेशींविना राहतो, सैल पडू शकत नाही आणि मळ अडवून धरतो; हाच हिर्शस्प्रुंग आजार. नवजात बालकाची काळी-हिरवी पहिली शी ४८ तासांतही झाली नाही, तर हीच शंका घ्यावी लागते. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिन येथे अशा दोन बालकांची हकिगत मांडली, तेव्हा दोष फुगलेल्या आतड्याचा मानला गेला. खरा दोष त्याखालच्या, वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या भागात आहे हे ओळखून तो भाग काढण्याची शस्त्रक्रिया बॉस्टनच्या ऑर्व्हार स्वेन्सन आणि अलेक्झांडर बिल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. गुदमार्गाच्या दोषांसाठी अल्बर्टो पेन्या आणि पीटर द व्हरीस यांनी १९८२ मध्ये मांडलेली, पाठीमागून मध्यरेषेत छेद घेण्याची पद्धत आज जगभर रूढ आहे.

तथापि शस्त्रक्रियेने रचना सुधारते, चेताजाळे नव्याने निर्माण होत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या बद्धकोष्ठाची कारणे म्हणूनच एकापेक्षा अधिक असतात: जोड आकसलेला असू शकतो, चेतापेशी अपुऱ्या असलेला तुकडा मागे राहिलेला असू शकतो, गुदद्वाराचा आतला स्नायू सैल पडत नसतो, उरलेल्या आतड्याची हालचालच मंद असते, किंवा दुखण्याच्या धास्तीने मूल स्वतःच शी रोखून धरते. आकसलेला जोड रुंद करावा लागतो, आतल्या स्नायूत बोट्युलिनमचे इंजेक्शन देता येते, राहिलेल्या तुकड्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, तर धास्तीवर शी मऊ करणारे औषध आणि जेवणानंतरची ठरावीक बैठक हाच उपाय असतो. कारण न शोधता वर्षानुवर्षे एकच रेचक चालू ठेवणे हे उपचार नव्हेत, ती चालढकल आहे.

यातला सर्वांत मोठा घोटाळा चड्डी खराब होण्याच्या लक्षणात होतो. दिवसभर थोडी थोडी पातळ शी लागते म्हणून घरचे जुलाब थांबवणारे औषध देतात. प्रत्यक्षात पुष्कळदा गुदाशयात मळाचा गठ्ठा साठलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो, त्यामुळे त्या औषधाने गठ्ठा अधिकच घट्ट होतो. याउलट ज्या मुलाचे स्नायू आणि चेता मुळातच दुबळ्या आहेत, त्याला रेचक दिल्यास गळती वाढते. पोटाचा एक साधा एक्स-रे हा फरक बऱ्याच वेळा दाखवून देतो.

ज्या मुलांना स्वतःचे नियंत्रण येणे शक्य नसते, त्यांच्यासाठी बॉवेल मॅनेजमेंट ही पद्धत आहे. रोज ठरल्या वेळी मऊ नळीने सलाइन आत सोडायचे, पाच-दहा मिनिटे ते धरून ठेवायचे, मग मुलाला अर्धा-पाऊण तास शौचाला बसवायचे आणि पुढचे २४ तास आतडे रिकामे, चड्डी कोरडी ठेवायची, असा तिचा क्रम असतो. सलाइन म्हणजे लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. किती सोडायचे ते डॉक्टरच ठरवतात, आणि नुसते पाणी वापरल्यास लहान मुलाच्या रक्तातील क्षार धोकादायकरीत्या घटू शकतात. ब्रिटनमधील पॅड्रिग मेलोन यांनी १९९० मध्ये अपेंडिक्सचे तोंड पोटावर आणून वरून एनिमा देण्याची शस्त्रक्रिया मांडली, तिच्यामुळे मोठ्या मुलाला हे काम स्वतःचे स्वतः करता येते.

या साऱ्याला गृहीत धरलेली गोष्ट म्हणजे स्वतःचे शौचालय. खिंडीपाडा, तुळशेतपाडा, हनुमान टेकडी अशा भांडुपच्या चढावरील वस्त्यांत अनेक कुटुंबे सार्वजनिक शौचालयावर अवलंबून आहेत, आणि बाहेर रांग लागलेली असताना कोणत्याही आईला तेथे मुलाला पाऊण तास बसवून ठेवता येत नाही. तेव्हा एकाच खोलीत पडदा लावून, पॉटीवर, भरून ठेवलेल्या पाण्यात हे उरकावे लागते. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा ज्या संकुलात शुद्ध होतो, ते याच भांडुपात आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघर येथून झाला; मात्र त्याच्या तपासणीसूचीतील नऊ जन्मजात दोषांत हे दोन्ही दोष नाहीत. डाउन सिंड्रोम त्या यादीत आहे, आणि त्या मुलांमध्ये हिर्शस्प्रुंगचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते, हे तपासणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवे. महापालिकेच्या उपनगरी दवाखान्यांतील परिचारिकांना एनिमा शिकवण्याचे प्रशिक्षण दिले, तर दर शंकेसाठी परळ गाठावे लागणार नाही. आणि अशा मुलाला वर्गातून केव्हाही उठून जाण्याची मुभा शाळांनी न मागता द्यावी.

पालकांनी शस्त्रक्रियेचा अहवाल आणि बायोप्सीचा कागद जपून ठेवावा व प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवावा. हिर्शस्प्रुंगच्या मुलाचे पोट ताठ फुगले, ताप आला आणि दुर्गंधीयुक्त पातळ शी जोराने होऊ लागली, तर तो साधा जुलाब नसून आतड्याचा जीवघेणा दाह असू शकतो, आणि तो शस्त्रक्रियेनंतरही, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, उद्भवतो. अशा वेळी मीठ-साखरेच्या पाण्यावर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री बालशल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठावे.